मेणा, मोटार आणि मागची बैठक

‘सेडान’ हा शब्द उच्चारला कीं आजच्या तरुणांच्या डोळ्यांपुढें लांबट, बुटकी, चकचकीत मोटार उभी राहते. शब्दांचें कुळ शोधण्याची खोड लागलेल्या माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास मात्र आधीं मेणा आठवतो. सतराव्या शतकांत इंग्लंडांत दोन भोयांनीं दांड्यांवर उचलून न्यावयाच्या बंद खुर्चीला हें नांव होतें. पुढें तें बंद टपाच्या मोटारीस मिळालें. आपल्याकडे पेशवाईंत मेण्यांतून जाणाऱ्या व्यक्तीची जी प्रतिष्ठा, तीच या मोटारींत मागें बसणाऱ्याची. वाहणारा पुढें असावा, बसणारा आंत निवांत असावा, आणि त्याच्या पोटांतलें पाणीही हलूं नये, एवढाच या विद्येचा गाभा आहे.

मला या गाड्यांचें वेड आहे, हें प्रथमच कबूल करतों. माझ्या मालकीची मोटार आजवर झाली नाहीं. पण वेडाला मालकी लागत नाहीं. आमच्या पेणकरपाड्याजवळूनच अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता जातो, आणि दहिसरचा टोल नाका तर हाकेच्या अंतरावर. पूर्वीं टोल देण्यापुरती प्रत्येक गाडी तेथें थांबे, आणि संध्याकाळच्या फेरफटक्यांत मला तिचें यथासांग निरीक्षण करतां येई. 2024 च्या आक्टोबरांत हलक्या वाहनांना मुंबईच्या वेशीवरील टोल माफ झाला. जगाची सोय झाली. माझी मात्र थोडी गैरसोयच झाली म्हणावयाची.

या वेडाचें मूळ आमच्या चुलत्यांच्या पद्मिनींत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ती गाडी. इंजिन 1089 घनसेंटिमीटरांचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्रालगत. त्यामुळें पुढच्या सलग बाकावर तिघे सहज मावत. तिघे हा हिशेब कागदावरचा. आम्ही रत्नागिरीस निघालों कीं आंत नऊ माणसें, टपावर वळकट्या, पायांशीं पाण्याचा फिरकीचा तांब्या, आणि कशेडीच्या चढावर इंजिन तापलें कीं सर्वांनीं उतरून झाडाखालीं बसावयाचें. पट्टे बांधण्याची भाषा कोणाच्या तोंडीं नव्हती. त्या प्रवासांच्या आठवणी अजून गोड लागतात. पण आम्ही प्रत्येक वेळीं सुखरूप पोंचलों म्हणूनच त्या गोड आहेत, हें आतां कळतें.

त्या पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर 2340 मिलिमीटर होतें. 2017 सालीं मर्सिडीझच्या ई वर्गाची जी लांब आवृत्ति आपल्याकडे आली, तिचें हेंच अंतर 3079 मिलिमीटर. ही सुमारें पाऊण मीटरांची वाढ बव्हंशीं मागें बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढें खर्च झालेली असते. श्रीमंती म्हणतात ती कातड्याच्या गाद्यांत किंवा लाकडी नक्षींत फारशी नसून येथें आहे. दोन चाकांत अंतर अधिक असलें म्हणजे खड्ड्यावरून जातांना गाडी पुढें-मागें कमी झुलते. भार जमिनीलगत असल्यामुळें घाटाच्या वळणावर ती उंच गाडीप्रमाणें कलत नाहीं. ज्यांना ‘गाडी लागते’ त्यांना याचें मोल विचारावें. डोळा सांगतो आपण स्थिर बसलों आहोंत आणि कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें हलत आहोंत, या विसंवादांतून ती मळमळ उपजते. झोका जितका कमी, तितका विसंवाद कमी. शिवाय डिकी वेगळी असल्यानें लोणच्याची बरणी मानेमागें येत नाहीं.

दोषही सांगितले पाहिजेत. पोट जमिनीलगत असल्यानें पांच माणसें व सामान भरून गतिरोधकावर चढली कीं खालून जो खरखराट होतो, तो मालकाच्या काळजावरच होतो. कोंकणांतल्या चिऱ्यांच्या वाटांवर तर ती नेऊंच नये. मागच्या चाकांना गति देणाऱ्या गाड्यांत मधल्या आसनापुढें एक उंचवटा असतो; तेथें बसणाऱ्यानें पाय कोठें ठेवावे हें कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेलें नसतें. म्हणून विकणारे पांच म्हणतात, पण सुखानें चारच बसतात. एकत्र कुटुंबाची खरी अडचण येथेंच सुरू होते.

गेल्या वर्षीं बडोद्यास माझ्या भगिनीच्या घरीं नातवाची मुंज होती. पुतण्यानें नुकतीच जुन्या बाजारांतून एक जर्मन बनावटीची सेडान घेतली होती. चारशें किलोमीटरांच्या आंतबाहेरचा पल्ला. माझा आनंद काय वर्णावा! जाणारीं माणसें सात, पट्टे पांच. पुढें पुतण्या आणि मी. मागें दिवंगत थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सूनबाई आणि पांच वर्षांचा नातू. आमची सौ. व धाकटा पुतण्या बोरिवलीहून आगगाडीनें. “तुमचें वेड, तुम्ही बसा,” एवढेंच सौ. म्हणाल्या. मीं तें अनुमोदन समजलों.

वहिनी पट्टा बांधीनात. “मी काय पळून जाणार आहे, तर मला बांधतां?” मीं शिक्षकी बाण्यानें गणित मांडलें. ताशीं 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें 22 मीटर. त्या वेगानें आदळणें म्हणजे 25 मीटरांवरून, आठव्या मजल्यावरून पडण्यासारखें. वहिनींनीं शांतपणें ऐकलें व जपमाळ काढली. 1989 च्या नियमावलीप्रमाणें मागच्यांनाही पट्टा बंधनकारक आहे, हें पुतण्यानें सांगितलें. त्याचीही तीच गति. सूनबाईंनीं मात्र वाद केला नाहीं. तिनें मुलाच्या खुर्चीचा पट्टा लावला, आणि तो आजीकडे वळून म्हणाला, “आजी, तुझा टक् वाजला नाहीं.” वहिनींनीं मुकाट्यानें टक् वाजविला.

कालिदासानें रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप व सुदक्षिणा यांचा एकाच रथांतून वसिष्ठाश्रमास जाणारा प्रवास वर्णिला आहे. वाऱ्याची दिशा अनुकूल म्हणून घोड्यांची धूळ त्यांच्या केसांना लागत नाहीं, आणि लोणी घेऊन आलेल्या वृद्ध गवळ्यांना तीं दोघें वाटेवरच्या रानझाडांचीं नांवें विचारतात. मी ही कथा नातवास सांगत होतों, मनोर मागें पडलें होतें, आणि एक मालमोटार खूण न देतां आमच्यापुढें आली. पुतण्यानें पाय दाबला. गाडी जागच्या जागीं थांबली, सरळ रेषेंत, तसूभरही न वळतां. वहिनींच्या मांडीवरचा लाडवांचा स्टीलचा डबा मात्र उडून पुढच्या दोन आसनांमधून समोरच्या फळीवर आदळला व चेपला. वहिनी जेथल्या तेथें होत्या. कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

पुढें थोड्याच वेळानें चारोटीजवळचा सूर्या नदीचा पूल आला. 4 सप्टेंबर 2022 रोजीं याच पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी मोलाची होती. सेडान नव्हे, उंच वर्गांतली. पुढचीं दोघें गंभीर जखमी झालीं पण वांचलीं. मागच्या दोघांचा अंत झाला. मागच्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. मागची बैठक सुखाची, म्हणून ती निर्धोक, असें आपण मेण्याच्या काळापासून मानीत आलों आहोंत. वहिनींनीं पुलावरून नदीला हात जोडले, आणि दुसरा हात पट्ट्याच्या कडीवर गेलेला मीं आरशांतून पाहिला.

बडोद्यास पोंचलों तों सौ. स्नान, चहा उरकून ओसरीवर बसलेल्या. आगगाडी आमच्याआधीं दोन तास पोंचली होती. मुंज पार पडली. परतीच्या दिवशीं सहाव्या माणसाला मागें दाटीवाटीनें घ्यावें, असें दोघांतिघांनीं सुचविलें. आमच्या घरांत ही सूचना नेहमीं होते आणि उंचवट्यावर नेहमीं धाकट्या सुनेलाच बसावें लागतें. या खेपेस वहिनीच म्हणाल्या, “पट्टे पांच, माणसें पांच.” तेव्हां माझी जागा सौ.स देऊन मी धाकट्या पुतण्याबरोबर आगगाडीनें निघालों.

रात्रीं त्या घरीं आल्यावर मीं अधीरपणें विचारलें, गाडी कशी वाटली? खड्ड्यांवर? वळणांवर? सौ. म्हणाल्या, “कसलें वळण? सूनबाईंनीं मला मागें बसविलें. भरूच गेलें तें आठवतें, मग मनोरलाच जाग आली.”