चहाच्या सुटीतली पणजी

डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते, बँकवाले अशा मंडळींची परिषद पणजीला आहे असं कळलं, की सारं घर तयारीला लागतं. एरवी परिषदेच्या नावानं नाक मुरडणारी मुलंसुद्धा बॅगा भरू लागतात. प्रत्यक्षात होतं काय? प्रतिनिधी गळ्यात बिल्ला अडकवून तीन दिवस वातानुकूलित सभागृहात आणि कुटुंब हॉटेलच्या खोलीत! शेवटच्या दिवशी भाड्याच्या गाडीतून जुनं गोवं आणि एखादा किनारा उरकायचा, काजू घ्यायचे आणि परतायचं. पणजीत राहून पणजीच पाहायची राहते.

खरं तर हे शहर पायी फिरण्याजोगं. दोन सत्रांमधला मोकळा वेळही पुरतो. मांडवीच्या काठानं निघालात, की जुनं सचिवालय लागतं. मुळात हा आदिलशहाचा वाडा. त्याच्या शेजारीच आबे फारियाचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूनं पॅरिसमध्ये जाऊन सांगितलं, की संमोहनाची किमया संमोहकाच्या अंगच्या चुंबकशक्तीत नसून समोरच्या माणसाच्या मनात असते. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेलं हे शिल्प १९४५ सालचं. याच पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय विद्यालय सुरू झालं. म्हणजे डॉक्टरमंडळींना तर ही तीर्थयात्राच!

तिथून जवळच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात चिनीमातीच्या फरशांवर रंगवलेले पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग पाहावेत. मग बाजारपेठेतून चर्चच्या चौकात यावं. १५४१ साली इथं छोटं प्रार्थनामंदिर होतं; आजचं चर्च १६१९ नंतरचं. त्याच्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्या चढताना मुलांच्या शर्यती हमखास लागतात. वरची प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या अवशेषांतून आणलेली आहे.

टेकडीच्या पलीकडे मळा आणि फोंतेन्हास. पिवळी, निळी, तांबडी घरं, चिंचोळ्या गल्ल्या, कौलारू छपरं. मात्र इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ही घरं देखावा म्हणून उभी केलेली नाहीत. आत माणसं राहतात. कोणी आजारी असतं, कोणाची दुपारची वामकुक्षी चाललेली असते. बाहेरची मंडळी दारात उभी राहून खुशाल छायाचित्रं काढू लागली, म्हणून काही रहिवाशांनी तशी मनाई करणारे फलक लावले आहेत. आपल्या वाड्याच्या चौकात कोणी अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन शिरला, तर आपल्याला चालेल का? पाहुण्यानं पाहुण्यासारखं वागावं, एवढंच.

ज्यांना पहाटे जाग येते त्यांनी रायबंदरला जावं. वाटेत सतराव्या शतकात बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा बांधरस्ता लागतो. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर गेलात, की खारफुटीच्या झाडीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. परतल्यावर एखाद्या साध्या हॉटेलात पातळ भाजी-पाव खावा. दुपारी माशांचं जेवण आणि वर सोलकढी. टॅक्सी मिळाली नाही, तर मोटारसायकलवाला ‘पायलट’ असतोच.

संध्याकाळी मिरामारला जावं. मांडवी इथं समुद्राला मिळते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधीही इथंच आहे. सूर्य बुडताना मागं वळून पाहिलं, तर नदीत उभ्या असलेल्या जुगाराच्या बोटींवर रोषणाई सुरू झालेली दिसते. अनेक परिषदांचे पाहुणे रात्री तिकडेच वळतात. ज्याची त्याची आवड. पण त्या दिव्यांत पणजी दिसत नाही.

म्हणून आयोजकांना एक विनंती. कार्यक्रमपत्रिकेत एक दुपार कोरी ठेवा. स्वागताध्यक्षांचं भाषण थोडं आटोपतं घ्या, हवं तर आभारप्रदर्शनाला कात्री लावा. वाचलेले शोधनिबंध काही दिवसांनी विसरायला होतात. बाबांचा हात धरून चढलेल्या त्या पांढऱ्या पायऱ्या मात्र मुलं मोठेपणीही विसरायची नाहीत.