प्रगतिपत्रकात 'ब-२' आला म्हणजे नेमकं काय? निकाल आणि लेकराचं म्हणणं एकत्र कसं वाचायचं

शिरूर कासार : प्रतिनिधी

जिल्हा परिषदेच्या शाळांत १ मेच्या सुमारास प्रगतिपत्रकं वाटली जातात. लेकरू घरी आलं की पहिला प्रश्न एकच, "पास झालं का?" ते हो म्हणतं आणि कागद पत्र्याच्या पेटीत जातो. पुढं तो दाखला काढायच्या वेळीच बाहेर येतो. खरं तर त्या कागदावर वर्षभराचा हिशेब असतो आणि तो वाचायला फार शिक्षण लागत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र त्या कागदावर पूर्ण येत नाही. लेकराला शाळेत कसं वाटतं, भीती वाटते का, न कळलं तर ते विचारतं का, ही ती बाजू. काही शाळा आता लेकरांना हे विचारू लागल्यात. कुठं चिठ्ठ्या घेतात, कुठं हसरा-रडका चेहरा रंगवायला देतात. निकाल सांगतो लेकरू कुठपर्यंत पोहोचलं. ते कुठं आणि का अडलं, हे बहुतेक वेळा त्याच्या तोंडूनच कळतं. म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कशा वाचायच्या, ते बघू.

श्रेणी कशी ठरते?

आपल्याकडं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २०१० पासून चालत आली आहे. त्यात दोन भाग येतात. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा.

पहिली-दुसरीत आकारिकला ७० आणि संकलितला ३० गुण, तिसरी-चौथीत ६० आणि ४०, पाचवी-सहावीत ५० आणि ५०, अशी वाटणी आहे. म्हणजे लहान वर्गात परीक्षेच्या दिवसापेक्षा रोज शाळेत जाण्याला जास्त वजन आहे. महिनाभर गैरहजर राहिलेलं लेकरू परीक्षेला बसलं तरी त्याचा मोठा भाग आधीच बुडालेला असतो.

श्रेणीचा अर्थ असा: ९१ ते १०० म्हणजे अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. म्हणजे ब-२ काही वाईट नाही. पण मागच्या वर्षी अ-२ होता आणि यंदा ब-२ आला, तर मधे काहीतरी घडलंय. श्रेणी एकटी बघू नका, मागच्या वर्षीचा कागद काढून शेजारी ठेवा.

आणखी एक जागा आपण बघतच नाही. प्रगतिपत्रकात 'विशेष प्रगती', 'आवड-छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा वर्णनात्मक नोंदी असतात. सगळ्या लेकरांच्या कागदावर एकसारखंच वाक्य उतरलं असेल तर तिथं काही कळत नाही. पण 'प्रश्न विचारत नाही', 'वाचताना अडखळते' असं काही असेल तर ते श्रेणीपेक्षा कामाचं आहे. बाईंना किंवा गुरुजींना याच ओळीवर विचारा.

शाळेची टक्केवारी बघताना फसू नका

गावात एक वाद कायम चालू असतो. कोण म्हणतं आपल्या शाळेचा निकाल घसरला, कोण म्हणतं शेजारच्या गावची शाळा पुढं गेली. यात आकड्यांचा एक घोळ असतो.

समजा तिसरीत ८ लेकरं आहेत. मागच्या वर्षी ८ पैकी ६ जणांना नीट वाचता येत होतं, म्हणजे ७५ टक्के. यंदा ८ पैकी ५ जणांना येतंय, म्हणजे साडेबासष्ट टक्के. ऐकायला मोठी घसरण वाटते, पण फरक एकाच लेकराचा आहे. शिवाय मागच्या वर्षीची तिसरीची लेकरं वेगळी, यंदाची वेगळी. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या लहान पटाच्या शाळेत टक्केवारी अशीच हलते. म्हणून टक्के विचारायचे नाहीत, लेकरं किती ते विचारायचं.

दुसरा प्रश्न गैरहजर लेकरांचा. १० च्या पटातली ३ लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला गेली आणि ७ जणांनी परीक्षा दिली. सरासरी त्या ७ जणांचीच काढली तर शाळेचा आकडा चांगला दिसेल, पण ज्या तिघांना मदत सगळ्यात जास्त लागते तेच त्यातून गायब झाले. सरासरीत किती लेकरं धरली, हे सभेत विचारायला लाजायचं कारण नाही.

शासनाच्या चाचण्याही आता वर्षातून तीन वेळा होतात: सुरुवातीला पायाभूत, नंतर संकलित-१ आणि वर्षअखेरीला संकलित-२. भाषा, गणित आणि इंग्रजी हे त्यातले विषय. पायाभूत चाचणीत लेकराला मागच्या इयत्तेचं किती येतं ते तपासलं जातं. त्यामुळं तिच्यात गुण कमी पडले म्हणून लेकराला मारायचं काही काम नाही. त्याच लेकराचे पायाभूतचे आणि वर्षअखेरचे गुण शेजारी ठेवले की गुरुजींनी वर्षभर केलेलं काम आणि लेकराची चाल दोन्ही दिसतात.

घरी पाच मिनिटांत करायची तपासणी

गुण चांगले असून वाचता न येणारी लेकरंही असतात. 'असर' नावाचं सर्वेक्षण २००५ पासून गावागावांत घरी जाऊन लेकरांना एकेकट्यानं वाचायला लावतं. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के लेकरांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत हा आकडा ४४.८ टक्के होता.

आपणही असंच करू शकतो. तिसरीच्या पुढच्या लेकराला दुसरीच्या मराठीच्या पुस्तकातला त्यानं पाठ न केलेला धडा वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर काय घडलं ते सांगायला लावा. मग हातच्याची एक वजाबाकी द्या, ५२ वजा २७ अशी. आईबापाला स्वतःला वाचता येत नसलं तरी शेजारच्या दहावीतल्या पोरीला बसवा. केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानात तिसरी संपताना मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं लक्ष्य आहे. घड्याळ लावलं तरी चालेल, फक्त लेकराला घाबरवू नका.

लेकरांचं म्हणणं: कायदा काय म्हणतो?

"लेकरांना काय विचारायचं, त्यांना काय कळतंय" असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. पण शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ वेगळं सांगतं. लेकराला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं आणि मोकळेपणानं मत मांडायला मदत करावी, असं त्यात आहे. लगेच त्याच्या पुढच्या ओळीत सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा उल्लेख येतो. म्हणजे निकाल आणि लेकराची मनःस्थिती कायद्यानंच एकाशेजारी एक ठेवल्यात. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे.

आता शाळेनं सांगितलं की नव्वद टक्के लेकरांना शाळा आवडते, तर आनंद आहे. पण विचारलं कसं, हे बघावं लागतं. बाई समोर उभ्या असताना "शाळा आवडते का?" विचारलं तर कोणतं लेकरू नाही म्हणेल?

एनसीईआरटीनं २०२२ मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून जास्त मुलांची पाहणी केली होती. मोकळं लिहिता यावं म्हणून नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं होतं. त्यात ७३ टक्के मुलं शालेय जीवनाबद्दल समाधानी निघाली. त्याच पाहणीत ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितले. ही मुलं आपल्या प्राथमिकच्या लेकरांपेक्षा मोठी आहेत, पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शाळा आवडणारं लेकरूही आतून घाबरलेलं असू शकतं. "आवडते का?" एवढ्या एका प्रश्नावर थांबून चालत नाही.

घरी विचारताना "शाळा कशी होती?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान." त्यापेक्षा भाकरी खाताना, शेळ्या बांधताना असं विचारून बघा:

- आज सुट्टीत कोणासोबत खेळलास?
- गणित कळलं नाही तेव्हा काय केलंस? बाईंना विचारलं का?
- फळ्यावरचं शेवटच्या ओळीतून दिसतं का?
- खिचडी पोटभर मिळाली का? कोणासोबत बसून खाल्ली?
- शौचालयात पाणी होतं का? का घरी येईपर्यंत धरून ठेवलं?
- जाता-येता कोण त्रास देतं का?

उत्तर आल्यावर लगेच रागावू नका आणि लगेच शाळेत भांडायलाही जाऊ नका. आधी ऐकून घ्या. सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं महिनाभर चाललं तर ते सोंग म्हणून सोडून देऊ नका.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की काय दिसतं?

माती परीक्षणाचा अहवाल आल्यावर आपण नुसता सामू बघून खत टाकत नाही. नत्र, स्फुरद, पालाश आणि पाण्याची सोय सगळं बघतो. इथंही तसंच.

गुण कमी, पण लेकरू आनंदानं शाळेत जातं: बहुतेक वेळा इथं मागच्या इयत्तेचा पाया कच्चा असतो. रोज अर्धा तास वाचन आणि गुरुजींकडून मागच्या वर्गाची उजळणी, याचा चांगला उपयोग होतो.

गुण चांगले, पण लेकरू गप्प झालंय: इथं आपण फसतो, कारण अ-१ बघून कोणी काही विचारतच नाही. घरच्या अपेक्षेचं ओझं असेल, कोणी चिडवत असेल किंवा मारण्याच्या भीतीनं पाठांतर चाललं असेल. यावर शिकवणी लावणं हा उपाय नाही.

गुणही घसरले आणि लेकरू टाळाटाळ करतंय: आधी साधी कारणं तपासा. डोळे, कान, जंत, रक्त कमी असणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. चष्मा लागल्यावर अभ्यास सुधारलेली लेकरं प्रत्येक गावात सापडतील.

मारहाण, अंगाला हात लावणं किंवा सतत छळ असं काही लेकरानं सांगितलं तर मात्र निकालाची वा पालक सभेची वाट बघू नका. १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

कारखान्याला जाणाऱ्या घरांसाठी

आपल्या जिल्ह्यात हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. या काळात दुसऱ्या सत्राचा बराच भाग निघून जातो आणि आकारिकच्या नोंदी कोऱ्या राहतात. परत आलेल्या लेकराला आपलं वर्ग पुढं गेल्याचं कळतं आणि ते मागच्या ओळीत बसायला लागतं. त्याच्या श्रेणीत दिसणारी घसरण ही त्याच्या डोक्याची नाही, बुडलेल्या दिवसांची आहे.

निघायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. लेकराला आजी-आजोबांकडं ठेवणार असाल तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीबद्दल विचारा. सोबत नेणार असाल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून फडाजवळच्या शाळेत बसवता येतं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात गुरुजींना सांगा की याची पुन्हा पायाभूत पातळीवरून सुरुवात करा.

पाचवीचं वेगळं आहे

"आठवीपर्यंत नापास करत नाहीत" हे आता पूर्ण खरं नाही. राज्यानं २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात लेकरू नापास झालं तर त्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही जमली नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कोणतीही शाळा लेकराला काढून टाकू शकत नाही.

म्हणून चौथीतलं 'सुधारणा आवश्यक' आत्ताच वाचा. पाचवीत एकदा मागं राहिलेली पोरगी "शाळेत मन लागत नाही" म्हणून घरी बसली, तर तिला परत वर्गात नेणं किती अवघड जातं, ते आपण सगळे जाणतो.

पालक सभेत काय मागायचं?

लेकराची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना सभेत सांगणं हे शिक्षकांचं कायद्यानं ठरवलेलं काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला पाहिजेत. त्यामुळं हे विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही:

- प्रत्येक वर्गात किती लेकरांना वाचता येतं? टक्के नको, संख्या सांगा.
- मागं पडलेल्या लेकरांसाठी रोज किती वेळ आणि कोण देणार?
- तक्रारपेटी कधी उघडली जाते आणि कोणासमोर?
- लेकरांनी वर्षभरात काय सांगितलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं?

शेवटचा प्रश्न इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्या. लेकरांना विचारायचं आणि मग काहीच करायचं नाही, असं दोनदा झालं की ती तिसऱ्यांदा "सगळं छान" म्हणून मोकळी होतात. शौचालयाच्या टाकीला तोटी बसवणं किंवा मागच्या ओळीतल्या लेकराला पुढं बसवणं याला मोठा निधी लागत नाही. पण आपण सांगितलेलं ऐकलं जातं, एवढं त्या लेकराला कळतं आणि पुढच्या वेळी न कळलेलं गणितही ते विचारतं.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. यंदाचं प्रगतिपत्रक आणि मागच्या वर्षीचं, दोन्ही कागद काढून ठेवा आणि पहिल्या पालक सभेला सोबत न्या.