एकच आराखडा, तारखा मात्र दोन

व्यवहारात दिलेला शब्द पाळणे ही माणसाची पत, तशी दिलेली तारीख पाळणे ही कंपनीची पत होय. धनादेश वटला की नाही, हे लवकरच समजते. काम ठरल्या दिवशी पुरे होणार की नाही, हे मात्र वेळापत्रकावरून आधीच ताडावे लागते. हे वेळापत्रक आता संगणकावर तयार होते आणि कंत्राटदार, सल्लागार व मालक यांच्यात ई-मेलने फिरते. अशा वेळी तीच फाइल दोन संगणकांवर दोन निरनिराळ्या तारखा दाखवू लागली, तर कोणती खरी मानायची? लहान कंपन्यांना हा प्रश्न वरचेवर पडतो. वरकरणी तो संगणकाचा वाटला, तरी मुळात तो पतीचा आहे.

राजधानी परिसराचे उदाहरण

दिल्लीच्या मराठी वाचकांना नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद ही नावे परिचित आहेत. १९७६ साली ‘न्यू ओखला औद्योगिक विकास प्राधिकरण’ स्थापन झाले आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नोएडा हे नाव पडले. या परिसरातील मोठ्या बांधकामांवर विद्युतीकरण, वातानुकूलन, अग्निशमन अशी कामे बहुधा लहान कंपन्या पोटकंत्राटावर करतात.

वेळेच्या शिस्तीचा एक आदर्शही याच शहरात आहे. दिल्ली मेट्रोच्या बांधकामास १ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रारंभ झाला आणि शाहदरा ते तीस हजारी या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन २४ डिसेंबर २००२ रोजी झाले. कोकण रेल्वे उभारणारे श्री. ई. श्रीधरन हेच या प्रकल्पाचेही प्रमुख होते. कामाच्या जागी उरलेले दिवस दाखवणारी उलट मोजणीची घड्याळे लावण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. तेथे अभियंत्यापासून मजुरापर्यंत सर्वांना एकच आकडा दिसत असे. लहान कंपनीच्या संगणकांवर नेमके हेच हरवते.

बिघाड कोठे होतो?

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे या क्षेत्रातील सर्वपरिचित सॉफ्टवेअर. त्याच्या २०००, २००२ व २००३ या आवृत्त्यांचे फाइल-स्वरूप एकच होते. २००७ मध्ये ते बदलले आणि २०१० मध्ये पुन्हा बदलले. नवी आवृत्ती जुनी फाइल बहुधा वाचू शकते, परंतु जुन्या आवृत्तीत नवी फाइल उघडेलच, असे नाही. उलट, २०१० पासूनच्या आवृत्त्या सुरक्षिततेच्या कारणास्तव फार जुन्या स्वरूपाच्या फाइली आपण होऊन उघडत नाहीत. त्यासाठी मांडणीत मुद्दाम परवानगी द्यावी लागते.

फाइल उघडलीच नाही, तर निदान अडचण ध्यानात तरी येते. खरा धोका आहे तो फाइल उघडून तारखा गुपचूप सरकण्याचा. २०१० च्या आवृत्तीत कामाची तारीख हाताने निश्चित करण्याची सोय आली. अशी फाइल जुन्या स्वरूपात जतन केली, की ती कामे स्वयंचलित गणनेखाली जातात व तारखा बदलू शकतात. दुसरे कारण दिनदर्शिकेचे. सॉफ्टवेअरची मूळ दिनदर्शिका पाच दिवसांच्या आठवड्याची असते. आपल्याकडे बांधकाम सहा दिवस चालते. कामाचे साठ दिवस सहा दिवसांच्या आठवड्याने दहा आठवड्यांत संपतात, तर पाच दिवसांच्या आठवड्याने त्यांना बारा आठवडे लागतात. कामे एका फाइलीतून दुसरीत उतरवताना दिनदर्शिका मागे राहिली, तर कोणाचीही चूक नसताना दोन आठवडे वाढतात.

मोठ्या कंत्राटदारांकडे प्रिमाव्हेरा असते. त्याची फाइल आयात करताना तिच्यासोबत आलेली दिनदर्शिका आपल्या प्रणालीतील सामायिक दिनदर्शिकेत फेरफार करू शकते. मग त्या एका प्रकल्पाबरोबर शेजारच्या प्रकल्पांच्या तारखाही हलतात.

धूर, थांबलेले काम आणि पुरावा

राजधानी परिसरात या अडचणीला आणखी धार येते ती हिवाळ्यात. हवेची प्रत ढासळली, की २०१७ साली लागू झालेल्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यानुसार तीव्र प्रदूषणाच्या टप्प्यांत बांधकामांवर निर्बंध येतात. काम थांबते, आदेश उठतो आणि काही दिवसांनी पुन्हा थांबते. प्रत्येक वेळी वेळापत्रक नव्याने मांडावे लागते आणि मुदतवाढ मागताना मूळ आराखडा व सुधारित आराखडा शेजारी ठेवून दाखवावा लागतो. मूळ आराखड्याची फाइल समोरच्या पक्षाकडे उघडत नसेल किंवा भलत्याच तारखा दाखवत असेल, तर न्याय्य मागणीही लंगडी पडते. अशा वेळी विलंबाची दंडात्मक रक्कम आणि बँक गॅरंटी दोन्ही टांगणीला लागतात. लहान कंपनीला हा धक्का सहज पेलत नाही.

उपाय खर्चाचे कमी, शिस्तीचे अधिक

सर्वांनी एकाच वेळी नवी आवृत्ती विकत घेणे हा सरळ उपाय. परंतु लहान कंपनीला तो प्रत्येक वेळी परवडत नाही, आणि समोरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर बदलणे तर तिच्या हातीच नसते. म्हणून पुढील पथ्ये उपयोगी पडतात.

पहिले, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरायची व कोणत्या स्वरूपात फाइल द्यायची, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. करारात त्यासाठी एक ओळ पुरते.

दुसरे, मूळ फाइल एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी. इतरांनी बदल सुचवावेत. फाइलीत उतरवावेत ते त्याच व्यक्तीने.

तिसरे, आवृत्त्या निरनिराळ्या असतील, तर प्रोजेक्टच्या २००२ पासूनच्या आवृत्त्यांत असलेल्या एक्सएमएल स्वरूपाचा विचार करावा. परंतु तेही डोळे मिटून स्वीकारू नये. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर समाप्तीची तारीख, कामांची एकूण संख्या, दिनदर्शिका आणि पाच-सहा महत्त्वाच्या टप्प्यांच्या तारखा ताडून पाहाव्यात. या पडताळणीला फार वेळ लागत नाही.

चौथे, प्रत्येक मंजूर वेळापत्रकाची पीडीएफ प्रत काढून ती दिनांकासह व उभय पक्षांच्या स्वाक्षरीने जपावी. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर असो वा नसो, ती प्रत वाचता येईल.

बँक आणि वेळापत्रक

आपल्या बँक-कर्मचाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. १९९० च्या दशकात संगणकीकरण झालेल्या शाखांतून निरनिराळ्या प्रणाली नांदत होत्या. पुढे कोअर बँकिंग आले, तेव्हा शाखेची माहिती नव्या प्रणालीत नेताना जुन्या व नव्या शिलकेचा ताळमेळ बसवावा लागला. वेळापत्रकाची फाइल एका आवृत्तीतून दुसरीत नेणे हेही तसेच स्थलांतर आहे. रकमांचा ताळा आपण घेतो, तसाच तारखांचाही घेतला पाहिजे.

मुदत कर्जाचे हप्ते अनेकदा कामाच्या प्रगतीनुसार वितरित होतात आणि परतफेडीचा आरंभही प्रकल्पपूर्तीच्या अंदाजावर बेतलेला असतो. त्यामुळे उद्योजकाने शाखेकडे सादर केलेली तारीख व कंत्राटदाराकडे असलेली तारीख एकच असणे उभयतांच्या हिताचे आहे. तफावत आढळली, तर ती आपण होऊन वेळीच कळवावी. बँकेच्या पाहणीत ती उघड होण्याची वाट पाहू नये. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतच राहणार. दिलेली तारीख मात्र आपल्या नावावर लिहिलेली असते, आणि तिचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागतो.