गुहेत इतकी अस्वलं मेली कशी?

आज जायचंय ऑस्ट्रियात, मिक्सनित्झ गावाजवळच्या ड्राखनहोले गुहेत. नावाचा अर्थच ड्रॅगनची गुहा. आत हाडं सापडायची, लोकांना ती ड्रॅगनची वाटायची. १९२०च्या दशकात खतासाठी तिथली माती उपसली, तर निघाले हजारो अस्वलांचे अवशेष! हे नामशेष झालेलं गुहा-अस्वल. 'ऊर्सुस स्पेलिअस' हे नाव त्याला १७९४ मध्ये रोझेनम्युलर यांनी दिलं.

मला आधी वाटलं, पूर आला असेल, नाहीतर शिकार झाली असेल. पण उत्तर साधं आहे. हा प्राणी मुख्यतः झाडपाला खायचा आणि हिवाळाभर अंगातल्या चरबीवर गुहेत झोपून राहायचा. चरबी कमी पडली की झोपेतच संपायचा. म्हणून हाडांमध्ये पिल्लं आणि म्हातारी अस्वलं बरीच दिसतात. दोन-चार हिवाळ्यांत एखादं मेलं, तरी हजारो वर्षांत ढीग होणारच ना?

आता गंमत बघा. स्पेनमधल्या जवळजवळच्या गुहांतल्या हाडांचा डीएनए तपासला, तर बहुतेक गुहांची आईकडची वंशावळ वेगळी निघाली. म्हणजे अस्वलं आपल्या जन्माच्या गुहेतच परतायची. पुढे माणसालाही गुहा हव्या झाल्या, थंडी वाढली, झाडपाला घटला. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी ती संपली. जी गुहा हिवाळ्यात जीव वाचवायची, तिचीच सवय त्यांना नडली असावी, असं संशोधकांना वाटतं. मला तरी हे पटतं.

पण पूर्ण संपली असंही नाही हं! आजच्या तपकिरी अस्वलांत त्यांचा थोडा डीएनए अजून आहे. भेटू पुढच्या भागात!