लेकीच्या वहीतला कॉम्प्युटर आणि आपल्या हातातला मोबाईल



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. सगळ्या उठल्या, पण कोषाध्यक्ष ताई बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "ताई, जरा थांबता का? गटाला सांगितलंय, तुम्हाला सांगायचं राहिलंय."

झालं होतं असं. त्या पापड-कुरडया करून विकतात. एका अनोळखी माणसाचा फोन आला. "मावशी, वीस किलो पापड पाहिजेत. निम्मे पैसे आत्ताच पाठवतो." मग त्यानं एक क्यूआर कोड पाठवला. "हा स्कॅन करा, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात." ताईंनी पिन टाकला. पैसे आले तर नाहीतच, उलट सहा हजार गेले. त्यातले चार हजार गटाच्या बचतीचे होते. बँक लांब म्हणून बायकांनी ताईंच्या खात्यावर पाठवलेले. लाजेपोटी दोन दिवस त्यांनी घरातसुद्धा सांगितलं नाही. शेवटी गटात बोलल्या. गटानं ऐकून घेतलं, आणि गटाचे पैसे ताईंनी चार हप्त्यांत भरायचे असं ठरलं.

"माझं नाव नको," त्या मला म्हणाल्या, "पण आपल्या पत्रिकेत लिहा. दुसरीचं जायला नको."

त्यांची लेक नववीत आहे. ती शेजारीच माहिती तंत्रज्ञानाची वही घेऊन बसली होती. इनपुट, आउटपुट, मेमरी, सर्व्हर असे शब्द पाठ करत होती. आम्ही तिघींनी ती वही उघडली, आणि आईचे पैसे कसे गेले ते त्याच शब्दांतून उलगडत गेलं. म्हणून या वेळी तेच शब्द, आपल्या भाषेत.

इनपुट, प्रक्रिया, आउटपुट

गिरणीत ज्वारी टाकली तर ज्वारीचं पीठ येतं. खडे टाकले तर गिरणी विचारत नाही, खडेही दळते. आपण टाकतो ते इनपुट, दळणं ही प्रक्रिया, आणि पीठ हे आउटपुट. कॉम्प्युटर असो की मोबाईल, काम हेच.

आता गटाचं उदाहरण घ्या. 5,000 रुपये कर्ज, महिना 2 टक्के व्याज. कॅल्क्युलेटर सांगतो 100 रुपये. चुकून 2 च्या जागी 20 दाबलं तर तो तितक्याच शांतपणे 1,000 सांगतो. "ताई, काहीतरी चुकतंय" असं म्हणत नाही. यंत्राला वेग आहे, समज नाही. समज आपली. म्हणून ॲपमध्ये आकडा भरला की रोकडवहीशी एकदा ताडून बघायचंच.

डेटा आणि माहिती

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण तसे नाहीत. वहीत लिहिलेले 200, 200, 0, 200 हे नुसते आकडे, म्हणजे डेटा. त्यावरून "दहापैकी नऊ जणींची बचत आली, एकीची दोन महिने थकली" असं कळलं, की ती माहिती झाली. माहिती हाती आली की निर्णय घेता येतो. त्या बहिणीच्या घरी जाऊन काय अडचण आहे ते विचारता येतं.

(फोनचा "डेटा संपला" म्हणतो तो इंटरनेट वापरायचा कोटा. शब्द तोच, अर्थ थोडा वेगळा.)

मेमरी दोन प्रकारची

स्वयंपाक करताना ओट्यावर जेवढं मावतं तेवढंच आपण काढून घेतो, बाकीचं फडताळात असतं. फोनचंही तसंच. रॅम म्हणजे ओटा. चालू असलेलं काम तिथं असतं आणि फोन बंद केला की ओटा साफ होतो. स्टोरेज म्हणजे फडताळ. फोटो, व्हिडिओ, नंबर तिथं राहतात, फोन बंद केला तरी जात नाहीत.

एकाच वेळी खूप ॲप उघडी ठेवली की ओटा भरतो आणि फोन अडखळतो. रोजचे "शुभ सकाळ" व्हिडिओ साठले की फडताळ भरतं. मोजायची मापं अशी: 8 बिट म्हणजे 1 बाइट, सुमारे हजार बाइटचा 1 केबी, हजार केबीचा 1 एमबी, हजार एमबीचा 1 जीबी. लिहिलेला निरोप अगदी थोडी जागा घेतो, फोटो जास्त, आणि व्हिडिओ सगळ्यात जास्त. जागा करायची असेल तर आधी व्हिडिओ काढा.

पैसे फोनमध्ये नसतात

हा मुद्दा नीट वाचा. आपल्याला वाटतं पैसे मोबाईलमध्ये आहेत. नाहीत. खात्याची नोंद बँकेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असते, त्याला सर्व्हर म्हणतात. आपला फोन इंटरनेटवरून त्याला फक्त चिठ्ठी पाठवतो. "माझ्या खात्यातून एवढे काढ, त्याला दे." आणि पिन म्हणजे त्या चिठ्ठीवरचा आपला अंगठा.

आता सांगा, कुणी तुमच्या खात्यात पैसे भरायला बँकेत गेलं तर तुमचा अंगठा लागतो का? नाही. अंगठा काढायलाच लागतो. यूपीआयचंही अगदी तसंच आहे. पिन लागतो पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दुकानदाराच्या भिंतीवरचा क्यूआर कोड आपण स्कॅन करतो तो त्याला पैसे द्यायला, हे आठवा.

इथं ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आईचा पिन हे इनपुट होतं." अगदी बरोबर. बोलणारा "पैसे येतील" म्हणत होता, पण सर्व्हरला त्याचं बोलणं ऐकू जात नाही. सर्व्हरला दिसला तो ताईंचा पिन. त्यानं हुकूम मानला.

ओटीपी हाही असाच. एकाच व्यवहारापुरती, थोडा वेळ चालणारी किल्ली. समोरचा बँकेचा साहेब म्हणवत असला तरी ती द्यायची नाही. आधारच्या मशीनवर बोट ठेवतो तोही अंगठाच. आधी स्क्रीनवरचा आकडा बघा, मग बोट ठेवा, आणि पावती मागा. "बोट नीट उमटलं नाही, परत ठेवा" असं म्हणाले तर आधीचा व्यवहार झाला का ते विचारा.

रेंज गेली तर

पैसे पाठवताना मध्येच रेंज गेली की "पेंडिंग" दिसतं. चिठ्ठी गेली, उत्तर यायचं राहिलं. घाईनं पुन्हा पाठवू नका, दोनदा जाऊ शकतात. आधी शिल्लक आणि व्यवहारांची यादी बघा.

आता करायचं काय

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1930 वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. मग बँकेला कळवा. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आपल्या ताईंचे दोन दिवस लाजेत गेले, आणि तोवर पैसे पुढं निघून गेले होते. फसवणाऱ्याला लाज नाही, मग आपण का लाजायचं?

दुसरं, गटाची बचत कुणाच्याही स्वतःच्या खात्यावर ठेवू नका, एका दिवसासाठीसुद्धा. थेट गटाच्या खात्यात भरा.

तिसरं, पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढा. गावातल्या आठवी-नववीच्या एखाद्या मुलीला वही घेऊन बोलवा आणि तिला शिकवू द्या. मी कॉलेजात असताना कॉम्प्युटरच्या तासाला मागच्या बाकावर लपायचे. प्रश्न विचारला तर हसतील ही भीती. गटात कुणी हसत नाही, म्हणून इथं विचारायचं.

कोषाध्यक्ष ताईंच्या गटानं हे सुरूही केलंय. त्यांच्या लेकीनं पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: "पैसे येणार असतील तर पिन लागतो का?" अकरा जणींनी एकदम "नाही" म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं तिची आईच म्हणाली.

तुमची,
क्षेत्र समन्वयक