फेलोपदाची किंमत आणि मोल

एखाद्या विद्वत्सभेने कोणास फेलो म्हणून निवडले, की वृत्तपत्रात चार ओळींची वार्ता येते, महाविद्यालयात सत्कार होतो आणि नावापुढे दोन-तीन अक्षरे वाढतात. या अक्षरांची रोकड किंमत काढू गेल्यास ती शून्याच्या खालीच भरेल. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो वेतन घेत नाहीत. उलट वर्गणी भरतात. आठवड्याला एक शिलिंग ही वर्गणी १६७५ मध्ये खुद्द न्यूटनला माफ करावी लागली होती.

मग मोल कशाचे? रामानुजन यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९१७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना फेलोशिप नाकारली. मे १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांची निवड केली आणि ऑक्टोबरात त्याच ट्रिनिटीने त्यांना सन्मानाने आत घेतले. मधल्या काही महिन्यांत त्यांची प्रतिभा वाढली होती असे नव्हे. रॉयल सोसायटीच्या फेलोला कॉलेजने नाकारायचे कसे, हा पेच मात्र मतदारांपुढे उभा राहिला होता आणि लिटलवुड यांनी तो नेमका पुढे केला. पाठोपाठ ट्रिनिटीचे वर्षाला २५० पौंड आले, मद्रास विद्यापीठाचेही तेवढेच. आपल्या गरजा भागून उरेल ती रक्कम गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे रामानुजन यांनी मद्रासला कळविले. वर्षभराने, १९२० मध्ये, ते निवर्तले.

गुणवत्ता ज्यास स्वतः पारखता येत नाही त्यास तिची खूण लागते, हा विचार मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये अर्थशास्त्रात रीतसर मांडला. नेमणूक करणाऱ्या समितीला संख्याशास्त्रातील आणि संख्यासिद्धांतातील भेदही कित्येकदा ठाऊक नसतो. ती अक्षरे वाचते. (शुल्क भरताच अक्षरे बहाल करणाऱ्या संस्थांचा धंदा चालतो तो याच अज्ञानावर.) खूण विश्वासार्ह ठरते ती दुर्मीळ असेल तरच. एके काळी रॉयल सोसायटीतही हौशी उमरावांचीच गर्दी होती. १८४७ मध्ये वर्षाला केवळ पंधरा निवडी, त्याही प्रामुख्याने वैज्ञानिक कार्यावर, असा दंडक घातला गेला आणि त्यानंतरच या पदास आजचे वजन आले.

परंतु दुर्मीळता ही दारे बंद ठेवूनही साधता येते, आणि तेथे खुणेचा कस उतरतो. माझगावचा आपला बंगला १८३४ मध्येच गॅसच्या दिव्यांनी उजळणारे मुंबईचे जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये पहिले भारतीय फेलो झाले. दुसरे रामानुजन, सत्त्याहत्तर वर्षांनी. हर्था आयर्टन यांचे नाव १९०२ मध्ये सुचविले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीस फेलो होता येत नाही, असा कायदेशीर सल्ला पुढे आला. त्याच संस्थेने त्यांना १९०६ मध्ये ह्यूज पदक दिले. म्हणजे संशोधन मान्य, संशोधक अमान्य! स्त्रियांना दार उघडले ते १९४५ मध्ये; आणि भारतात काम करणाऱ्या पहिल्या स्त्री फेलो, वेल्लोरच्या गगनदीप कांग, २०१९ मध्ये निवडल्या गेल्या.