पुंगळी किती आवळावी?

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज रायफलच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. बार उडताच पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे ती बसते त्या पोकळीच्या, मापाची होते. मग पुन्हा भरण्याआधी डाय नावाच्या साच्यात दाबून फक्त मान आवळावी की अख्खी पुंगळी, हा जुना वाद. मानेपुरतं आवळलं तर पितळ कमी शिणतं, हे खरं; पण काही बारांनंतर पुंगळी चेंबरमध्ये अडू लागते आणि बोल्ट जोर लावल्याशिवाय बंद होत नाही. पूर्ण आवळल्याने पुंगळी लवकर तुटते, हा आक्षेप खांदा (मानेखालचा उतार) फार मागे ढकलला तरच लागू पडतो: दर बाराला पितळ ताणलं जातं, बुडाजवळ चकचकीत कडं उमटतं, तिथेच ती फाटते. म्हणून आवळावी पूर्ण, पण मोजून. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलला खांदा साधारण ०.०५ मिलिमीटर मागे गेला तरी पुरे, सेमी-ऑटोमॅटिकला थोडा जास्त.